वाचकांचे प्रश्न : व्हिक-२०ला घरच्या घरी ३२ केबी मेमरी

या वेळची पत्रं जुन्या घरगुती कॉम्प्युटरची मेमरी वाढवण्याबद्दल आहेत. बहुतेकांकडे कमोडोरचा व्हिक-२० आहे, एकाकडे १६ केबीचा झेडएक्स स्पेक्ट्रम. पहिल्या उत्तरात जोडणी पूर्ण दिली आहे. पुढची उत्तरं ती समोर ठेवून वाचावीत.

प्रश्न : माझा व्हिक-२० सुरू केला की पडद्यावर ३५८३ बाइट मोकळे असल्याचं येतं. कमीत कमी चिप वापरून ३२ केबी मेमरी वाढवायची आहे. सोल्डरिंग चांगलं येतं, पण डिजिटल सर्किट स्वतः कधी आखलेलं नाही. पायांच्या क्रमांकासकट जोडणी द्याल का?

उत्तर : तीन चिपांत भागतं: ६२२५६ ही ३२ केबीची स्टॅटिक रॅम, एक ७४एचसीटी०८ आणि एक ७४एचसीटी००. सोबत २८ पायांचं एक आणि १४ पायांची दोन आयसी सॉकेट, १०० नॅनोफॅरॅडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर, १० मायक्रोफॅरॅडचा एक कपॅसिटर, १० किलोओहमचे चार रेझिस्टर आणि चार कळांचा डिप स्विच. रॅम ७० नॅनोसेकंदांची पुरे. व्हिक-२०चा प्रोसेसर साधारण १ मेगाहर्ट्झवर चालतो, पाल या टीव्ही पद्धतीच्या यंत्रात १.१०८ आणि एनटीएससी पद्धतीच्या यंत्रात १.०२३. मेमरीला उत्तर द्यायला चारशेच्या वर नॅनोसेकंद मिळतात, त्यामुळे जास्त वेगवान चिप शोधण्याची गरज नाही.

काम इतकं आटोपशीर होतं ते विस्तार-पोर्टमुळे. कोणता पत्ता ८ केबीच्या कोणत्या ब्लॉकमध्ये पडतो हे कॉम्प्युटरच्या आतली डीकोडर चिप आधीच ठरवते आणि तिच्या ओळी पोर्टवर तयार मिळतात. बीएलके१ म्हणजे ८१९२ ते १६३८३, बीएलके२ म्हणजे १६३८४ ते २४५७५, बीएलके३ म्हणजे २४५७६ ते ३२७६७ आणि बीएलके५ म्हणजे ४०९६० ते ४९१५१. ज्या ब्लॉकची पाळी असेल त्याची ओळ लो होते (० व्होल्टजवळ येते), बाकीच्या हाय राहतात (५ व्होल्टच्या बाजूला). पोर्टवर त्या अनुक्रमे १०, ११, १२ आणि १३ क्रमांकाच्या पट्ट्यांवर आहेत.

आधी सरळ जाणाऱ्या तारा. पोर्टच्या बी ते आर या पट्ट्यांवर सीए० ते सीए१२ या पत्त्याच्या ओळी आहेत. मोजताना जपा: पोर्टच्या अक्षरांत जी, आय, ओ आणि क्यू नाहीत, त्यामुळे एफनंतर एकदम एच येतं. या ओळी रॅमच्या ए० ते ए१२ला जातात: ए० ते ए७ हे उलट क्रमाने १० ते ३ या पायांवर, ए८ पाय २५, ए९ पाय २४, ए१० पाय २१, ए११ पाय २३, ए१२ पाय २. पोर्टच्या २ ते ९ या पट्ट्यांवरचे सीडी० ते सीडी७ रॅमच्या ११, १२, १३, १५, १६, १७, १८, १९ या पायांना. रॅमचा पाय २८ म्हणजे ५ व्होल्ट, पाय १४ म्हणजे ग्राउंड. पोर्टवर ५ व्होल्ट पट्टी २१वर आहेत, ग्राउंड १, २२, ए आणि झेड या चारही कोपऱ्यांवर.

बोर्ड आखताना एक मोकळीक घ्या. रॅमला कुठला बाइट कुठल्या घरात पडला याचं सोयरसुतक नसतं, जिथे लिहिला तिथूनच वाचला म्हणजे झालं. म्हणून ए० ते ए१२ या तारा आपसात कशाही बदलल्या तरी चालतं, डेटाच्या आठ ताराही तशाच. ट्रॅक एकमेकांवरून न्यावे लागत असतील तर याचा बिनधास्त फायदा घ्या. रॉममध्ये हे चालत नाही, तिथे मजकूर आधीच ठरलेल्या घरांत बसवलेला असतो.

आता खरी आखणी. ३२ केबीला पत्त्याच्या पंधरा ओळी लागतात आणि तेराच जोडून झाल्या. पोर्टवर सीए१३ आहे, पण सीए१४ आणि सीए१५ नाहीत. शिवाय सीए१३ ही बीएलके१, ३ आणि ५ या तिन्हींसाठी हाय असते, तेव्हा तिच्या भरवशावर चार ब्लॉक वेगळे होत नाहीत. म्हणून रॅमचे ए१३ आणि ए१४ आपण ब्लॉकच्या ओळींपासूनच तयार करतो, आणि त्याला ७४एचसीटी०८मधली चार अँड गेट नेमकी पुरतात.

पहिलं गेट : पाय १ला बीएलके१, पाय २ला बीएलके२, निकाल पाय ३वरून रॅमच्या ए१३ला (पाय २६).
दुसरं गेट : पाय ४ला बीएलके१, पाय ५ला बीएलके३, निकाल पाय ६वरून रॅमच्या ए१४ला (पाय १).
तिसरं गेट : पाय ९ला बीएलके३, पाय १०ला बीएलके५, निकाल पाय ८वर.
चौथं गेट : पाय १२ला पाय ३ची तार, पाय १३ला पाय ८ची तार, निकाल पाय ११वरून रॅमच्या सीईला, म्हणजे चिप निवडणाऱ्या इनपुटला (पाय २०).

पडताळून पाहा. बीएलके१ लो झाली की ए१३ आणि ए१४ दोन्ही लो. बीएलके२ला ए१३ लो, ए१४ हाय. बीएलके३ला ए१३ हाय, ए१४ लो. बीएलके५ला दोन्ही हाय. चार ब्लॉक, चार वेगळे चतकोर. चारांपैकी कुठलीही ओळ लो झाली की सीई लो होते आणि रॅम जागी होते. पाय ७ ग्राउंडला, पाय १४ पाच व्होल्टला.

७४एचसीटी०० लिहिण्या-वाचण्याची वेळ सांभाळते. पाय १ आणि २ एकत्र करून पोर्टच्या पट्टी १८ला, म्हणजे सीआर/डब्ल्यूला जोडा; प्रोसेसर वाचतो आहे (हाय) की लिहितो आहे (लो) हे ती ओळ सांगते. पाय ३वर तिचा उलटा सिग्नल मिळतो. तो पाय ४ला द्या, पाय ५ला पोर्टच्या पट्टी व्हीवरचा एस०२ हा घड्याळाचा सिग्नल, आणि पाय ६ रॅमच्या डब्ल्यूईला, म्हणजे लिहिण्याची परवानगी देणाऱ्या इनपुटला (पाय २७). पाय ९ला पुन्हा सीआर/डब्ल्यू, पाय १०ला एस०२, पाय ८ रॅमच्या ओईला, म्हणजे डेटा बाहेर सोडण्याची परवानगी देणाऱ्या इनपुटला (पाय २२). उरलेल्या गेटचे पाय १२ आणि १३ ग्राउंडला बांधा, पाय ११ मोकळा सोडा. सीमॉस चिपची इनपुट हवेत ठेवायची नसतात. पट्टी १७वर व्हीआर/डब्ल्यू नावाचा मिळताजुळता सिग्नल आहे, तो इथे वापरायचा नाही.

डिप स्विच ब्लॉकच्या चार ओळींमध्ये येतो: पोर्टची पट्टी, मग स्विच, मग गेटचं इनपुट. १० किलोओहमचे रेझिस्टर गेटच्या बाजूने ५ व्होल्टला. कळ उघडी असली की रेझिस्टर ती ओळ हाय धरून ठेवतो आणि तो ब्लॉक बाद होतो. हे रेझिस्टर गाळले तर उघड्या कळेची ओळ तरंगत राहते आणि रॅम मन मानेल तेव्हा बसवर, म्हणजे डेटाच्या सामायिक तारांवर, बोलायला लागते. प्रत्येक चिपच्या ५ व्होल्टच्या पायाला अगदी खेटून १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर, आणि १० मायक्रोफॅरॅडचा पट्टी २१च्या जवळ.

प्रश्न : ७४एचसीटीऐवजी माझ्याकडे ७४एचसी आणि ७४एलएस दोन्ही आहेत. त्यातली कोणती चालेल?

उत्तर : एलएस चालेल, एचसी नको. ५ व्होल्टवर एचसीला हाय समजायला साडेतीन व्होल्ट लागतात. व्हिक-२०मधल्या एलएस चिपा २.७ व्होल्ट आणि प्रोसेसर २.४ व्होल्ट एवढीच हमी देतात. प्रत्यक्षात त्या बहुधा जास्त देतात, म्हणून एचसीचा बोर्ड टेबलावर चालतो आणि यंत्र तापलं की चुकायला लागतो. असा दोष शोधणं फार जिकिरीचं असतं. एचसीटीला २ व्होल्ट पुरतात. एलएस वापरलीत तर वरचे रेझिस्टर ४.७ किलोओहमचे घ्या.

प्रश्न : ३२ केबी बसवली आणि पडद्यावर २८१५९ येतं. आठ केबी गेली कुठे? चिप अर्धवट खराब आहे का?

उत्तर : चिप ठणठणीत आहे. बेसिकला सलग मेमरी लागते. ८ केबी किंवा जास्त मेमरी सापडली की बेसिकचा प्रोग्राम ४६०९ या पत्त्यापासून सुरू होतो आणि बीएलके३ ३२७६७ला संपतो. ३२७६८मधून ४६०९ वजा केले की २८१५९ उरतात. पुढे अक्षरांची रॉम, चित्राची चिप, इनपुट-आउटपुटच्या चिपा आणि रंगांची मेमरी बसलेली आहे, त्यामुळे बीएलके५ पलीकडे एकटा पडतो. तिथे पोक-पीक करता येतं (बेसिकमधून थेट एखाद्या पत्त्यावर लिहिता-वाचता येतं), मशीन कोड ठेवता येतो, काडतुसाची रॉम उतरवता येते, पण बेसिक त्याची मोजणी करत नाही.

हाच आकडा दुरुस्तीच्या कामाचा आहे. बोर्ड लावूनही ३५८३ येत असेल तर बीएलके१ला उत्तर मिळत नाही, मग बाकीचे दोन चालू असले तरी बेसिकला ते दिसत नाहीत. ११७७५ आलं तर बीएलके२ तपासा, १९९६७ आलं तर बीएलके३. हे तीन आकडे बोर्डाच्या मागे लिहूनच ठेवावेत.

प्रश्न : मी ७४एचसीटी०० गाळून सीआर/डब्ल्यू सरळ रॅमच्या डब्ल्यूईला जोडली आणि ओई ग्राउंडला. २८१५९ बरोबर येतं. पण मोठा प्रोग्राम लोड केला की मध्येच ओळी बिघडलेल्या दिसतात. रॅम बदलून पाहिली, फरक नाही.

उत्तर : रॅम बदलून फरक पडणार नव्हता. व्हिक-२०च्या ६५०२ या प्रोसेसरचं प्रत्येक चक्र दोन अर्धांचं असतं. पहिल्या अर्धात प्रोसेसर नवा पत्ता आणि सीआर/डब्ल्यू बाहेर ठेवतो आणि या ओळी एकाच क्षणी स्थिर होत नाहीत. दुसऱ्या अर्धात, एस०२ हाय असताना, पत्ता पक्का असतो. लिहायचा डेटा तर त्या दुसऱ्या अर्धातही थोडा उशिरानेच बसवर येतो. पत्त्याच्या ओळी अजून हलत असताना डब्ल्यूई लो झाली, तर वाटेत जो पत्ता क्षणभर तयार होतो त्या घरातही काहीतरी लिहिलं जातं. लिहिताना चक्राच्या शेवटीही हाच धोका असतो. एस०२शी बांधलेली डब्ल्यूई फक्त पत्ता स्थिर असताना लो होते, आणि एस०२ खाली येताच वर जाते.

इथे आणखी एक गोष्ट सांभाळायची. एस०२ खाली आल्यावर प्रोसेसर लिहिलेला डेटा जेमतेम ३० नॅनोसेकंद धरून ठेवतो. म्हणून एस०२ आणि डब्ल्यूई यांच्यामध्ये एकच गेट हवं. घरात होतं म्हणून दोन-तीन गेट साखळीने लावली तर तेवढ्यात डेटा निघून गेलेला असतो.

ओई ग्राउंडला ठेवण्याचा त्रास वेगळा. रॅम निवडली गेली आणि डब्ल्यूई लो व्हायला अवकाश असला, तर त्या फटीत रॅम स्वतःचा डेटा बसवर टाकते. लगेच प्रोसेसर त्याच तारांवर त्याचा डेटा टाकायला येतो. दोघं एकमेकांविरुद्ध ओढतात, ५ व्होल्टच्या ओळीवर झटके बसतात. जोडणीत ओईसाठी वेगळं गेट आहे ते याचसाठी.

तरीही दुरुस्तीनंतर एकदा पत्त्यांची चाचणी घ्याच, कारण सुरुवातीचा आकडा बरोबर येणं पुरेसं नाही. सुरू होताना व्हिक-२० प्रत्येक घरात नमुना लिहून तो लगेच परत वाचतो आणि पुढे सरकतो. पत्त्याची एखादी तार तुटलेली असेल तर दोन पत्ते एकाच घराकडे जातात, पण लगेच वाचल्यामुळे उत्तर बरोबरच येतं. आकडा चोख, बोर्ड सदोष.

चाचणी अशी. आधी पोक ५५,० आणि पोक ५६,३२ करून मग सीएलआर द्या. यामुळे बेसिकची कमाल मर्यादा ८१९२वर येते आणि तुमचा चाचणीचा प्रोग्राम व त्याची चलं आतल्या मेमरीतच राहतात. मग ८१९२मध्ये १ लिहा, ८१९२+१मध्ये २, ८१९२+२मध्ये ३, ८१९२+४मध्ये ४, असं अंतर दुप्पट करत ८१९२+४०९६मध्ये १४ लिहा. सगळे चौदा आकडे लिहून झाल्यावरच वाचायला सुरुवात करा. सगळे जागेवर असतील तर तेराही तारा ठीक आहेत. ८१९२मध्ये १ऐवजी भलताच आकडा दिसला आणि तोच आकडा दुसऱ्या एका जागीही असला, तर त्या जागेची पत्त्याची तार तुटलेली आहे. उदाहरणार्थ ८१९२ आणि ८१९२+१६ या दोन्ही ठिकाणी ६ आलं तर सीए४ पाहा. तीन जागा एकसारख्या निघाल्या, म्हणजे ८१९२ आणि आणखी दोन, तर बहुधा त्या दोन्ही तारा तुटलेल्या आहेत.

हेच चारही ब्लॉकच्या सुरुवातीला करा: ८१९२, १६३८४, २४५७६ आणि ४०९६० यांत १, २, ३, ४ लिहा आणि मग वाचा. इथे सरमिसळ झाली तर दोष ७४एचसीटी०८च्या पाय ३ किंवा पाय ६पासून रॅमकडे जाणाऱ्या तारेत. शेवटी एकाच घरात १, २, ४ असं १२८पर्यंत लिहून-वाचून डेटाच्या तारा तपासा.

प्रश्न : बोर्ड पहिल्यांदा कॉम्प्युटरला लावण्याआधी काय काय तपासावं? माझ्याकडे फक्त मल्टिमीटर आहे.

उत्तर : मल्टिमीटर पुरे. सॉकेट रिकामी ठेवून आधी ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना ते पाहा. मग रॅमच्या सॉकेटचा प्रत्येक पाय जोडणीप्रमाणे पोर्टच्या पट्टीपर्यंत किंवा गेटच्या सॉकेटपर्यंत वाजतो का, आणि शेजारच्या पायाशी वाजत नाही ना, दोन्ही बघा. दुसरी पायरी लोक टाळतात आणि बहुतेक दोष तिथेच असतात.

त्यानंतर फक्त दोन्ही गेटच्या चिपा बसवून, रॅम न लावता, बोर्ड कॉम्प्युटरमध्ये घालून यंत्र सुरू करा. पडद्यावर ३५८३ यायला हवेत. रॅमच्या सॉकेटच्या पाय २०वर मीटर लावा: यंत्र नुसतं कर्सर लुकलुकवत बसलेलं असताना तिथे हाय दिसायला हवं, कारण त्या वेळी चारांपैकी कुठलाच ब्लॉक वापरात नसतो. ठाम लो दिसलं तर ७४एचसीटी०८ची जोडणी चुकली आहे. हे जमलं की वीज बंद करून रॅम बसवा आणि फक्त पहिली कळ लावून सुरू करा. ११७७५ आले की दुसरी कळ, मग तिसरी. बोर्ड काढणं-घालणं नेहमी वीज बंद असतानाच.

प्रश्न : पोर्टमध्ये जाणारी कड कशी बनवू? ती उलटी बसली तर काय होतं?

उत्तर : सॉकेट कॉम्प्युटरच्या आत आहे, म्हणून कडेवरच्या पट्ट्या तुमच्या बोर्डावर हव्यात: दोन्ही बाजूंना बावीस-बावीस, मध्यापासून मध्यापर्यंत ३.९६ मिमी अंतर, बोर्डाची जाडी १.६ मिमी. छिद्रांच्या सर्वसाधारण बोर्डाचं अंतर २.५४ मिमी असतं, त्यावर हे जमणार नाही. पीसीबी करून घ्या, पट्ट्यांवर सोल्डर मास्क येऊ देऊ नका आणि त्यांना सोन्याचा मुलामा मागा. कथलाचा थर मऊ असतो, तो खरवडून सॉकेटच्या स्प्रिंगांवर बसतो आणि मग चांगलं काडतूसही दगा देतं. पुढची कड बारीक कानशीने दोन्ही बाजूंनी किंचित उतरती करा.

चारही कोपरे ग्राउंड असल्यामुळे मीटरने नुसतं ग्राउंड शोधून दिशा कळत नाही. यंत्र चालू करून सॉकेटमध्ये ५ व्होल्ट कुठे आहेत ते पाहा, ती पट्टी २१. बोर्ड उलटा घातला तर ग्राउंड सगळे जुळतात, पण तुमच्या बोर्डाची ५ व्होल्टची पट्टी कॉम्प्युटरच्या सीए०वर येते आणि कॉम्प्युटरचे ५ व्होल्ट तुमच्या सीए०वर. पत्त्याच्या एका ओळीला सगळा बोर्ड पोसायची वेळ येते आणि तिच्यामागची चिप त्यात जाऊ शकते. बोर्डाच्या वरच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘वर’ असं छापून घ्या.

प्रश्न : मेमरी वाढवल्यावर माझे आधीचे काही खेळ चालेनासे झाले. पडद्यावर अक्षरं भलतीकडेच येतात.

उत्तर : बोर्डाचा यात दोष नाही. मूळ यंत्रात पडद्याची मेमरी ७६८०पासून आणि रंगांची ३८४००पासून असते. ८ केबी किंवा जास्त सापडली की पडदा ४०९६वर आणि रंग ३७८८८वर सरकतात, बेसिकही ४०९७वरून ४६०९वर जातं. चित्राची चिप विस्तार-पोर्टवरच्या मेमरीपर्यंत पोचत नाही, म्हणून पडद्याला आतच राहावं लागतं आणि बेसिकला सलग जागा मिळावी म्हणून त्याला खाली ढकललं जातं. जुने प्रोग्राम थेट ७६८०वर पोक करतात. त्यांच्यासाठी पहिल्या तीन कळा उघडा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. स्वतः लिहिताना ६४८ या घरातला आकडा २५६ने गुणला की पडद्याची सुरुवात मिळते, तोच वापरा म्हणजे प्रोग्राम दोन्हीकडे चालेल.

प्रश्न : बीएलके५मध्ये काडतुसाचा मजकूर उतरवून चालवता येईल का?

उत्तर : येतो. ४०९६४पासूनच्या पाच घरांत ६५, ४८, १९५, १९४, २०५ ही खूण सापडली की व्हिक-२० सुरू होताना थेट त्या मजकुराकडे जातो. मजकूर लोड करून सिस ६४८०२ (त्या पत्त्यावरचा मशीन कोड चालवण्याची बेसिकची आज्ञा) दिलं की यंत्र रीसेट होऊन तो सुरू होतो. अडचण एवढीच की काही काडतुसं मुद्दाम स्वतःच्याच पत्त्यांवर लिहून पाहतात. रॉमला काही होत नाही, रॅममधला मजकूर मात्र खराब होतो. त्यावर उपाय म्हणजे ७४एचसीटी००च्या जागी तीन इनपुटांची तीन गेट असलेली ७४एचसीटी१०. तिच्या पायांचा क्रम वेगळा आहे, तेव्हा सॉकेटची जोडणी नव्याने करावी लागेल. डब्ल्यूईच्या गेटचं तिसरं इनपुट १० किलोओहममधून हाय ठेवा आणि एका कळेतून बीएलके५च्या ओळीला जोडा. कळ लावली की बीएलके५ निवडलेला असताना डब्ल्यूई हायच राहते, बाकीच्या ब्लॉकांना धक्का लागत नाही. उरलेल्या दोन गेटांची जास्तीची इनपुट ५ व्होल्टला.

प्रश्न : १०२४ ते ४०९५ ही ३ केबीची जागाही भरायची आहे. दुसरी रॅम लावावी लागेल का?

उत्तर : बीएलके५ नको असेल तर नाही. पोर्टच्या १४, १५, १६ या पट्ट्यांवर रॅम१, रॅम२, रॅम३ या १-१ केबीच्या ओळी आहेत. त्या तिन्ही एका अँडमधून एकत्र करून तो निकाल बीएलके५च्या जागी द्या. ७४एचसीटी०८ची चारही गेट वापरात आहेत, म्हणून यासाठी एक वेगळी चिप लागेल. सीए१० आणि सीए११ रॅमपर्यंत सरळ जातातच, त्यामुळे तीन तुकडे आपोआप वेगळ्या घरांत पडतात. मात्र ८ केबी किंवा जास्त मेमरी चालू असताना बेसिक या ३ केबीकडे पाहत नाही. मशीन कोडसाठी ती उत्तम जागा आहे. बाकी ब्लॉक बंद ठेवून एकटी वापरलीत तर ६६५५ बाइट दिसतील.

प्रश्न : जुन्या बोर्डावरून काढलेल्या आठ ४१६४ चिपा आहेत. त्या वापरू का?

उत्तर : या कामासाठी नको. ४१६४ डायनॅमिक रॅम आहे. पत्ता दोन हप्त्यांत द्यावा लागतो, आणि दर दोन मिलिसेकंदांत १२८ ओळी ताज्या कराव्या लागतात. स्पेक्ट्रममधल्या झेड८० प्रोसेसरमध्ये त्यासाठी सोय आहे, ६५०२मध्ये नाही. मल्टिप्लेक्सर, काउंटर आणि त्यांची वेळ जुळवणारं सर्किट धरलं तर ६२२५६च्या एका चिपेसमोर ती उठाठेव परवडत नाही. त्या चिपा जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी जपून ठेवा, तिथे त्यांना खरी किंमत आहे.

प्रश्न : जुन्या मदरबोर्डवरची १५ नॅनोसेकंदांची ३२ केबी कॅश रॅम चालेल का?

उत्तर : चालेल. तिच्या पायांच्या दोन रांगांतलं अंतर बहुधा ७.६२ मिमी असतं आणि ६२२५६चं नेहमीचं १५.२४ मिमी, तेव्हा सॉकेट त्याप्रमाणे. ती वीजही बरीच जास्त खाते आणि इतक्या वेगाने हाय-लो होते की कपॅसिटर लांब असला तर ग्राउंडच उड्या मारतं. साधी मिळत असेल तर साधीच घ्या.

प्रश्न : माझ्याकडे १६ केबीचा स्पेक्ट्रम आहे. आतल्या सॉकेटना हात न लावता मागच्या कडेवरून ३२ केबी वाढवता येईल का?

उत्तर : येईल, आणि चिपा दोनच: ६२२५६ आणि ७४एचसीटी००. ए० ते ए१४ आणि डी० ते डी७ सरळ जोडा, क्रमाची मोकळीक इथेही आहे. स्पेक्ट्रमची आरडी (वाचण्याची ओळ) रॅमच्या ओईला आणि डब्ल्यूआर (लिहिण्याची ओळ) रॅमच्या डब्ल्यूईला. एमरेक, म्हणजे प्रोसेसरला मेमरी हवी आहे हे लो होऊन सांगणारी ओळ, एका गेटमधून उलटी करा, ती आणि ए१५ दुसऱ्या गेटला द्या, निकाल सीईला. ए१५ हाय म्हणजे ३२७६८च्या वरचा पत्ता, नेमकी आपली जागा. इथे घड्याळाची गरज नाही, कारण झेड८०ची डब्ल्यूआर पत्ता आणि डेटा दोन्ही स्थिर झाल्यावरच लो होते. रिफ्रेशच्या वेळी एमरेक लो होते तेव्हा सीई लो होईल, पण आरडी आणि डब्ल्यूआर हाय असल्यामुळे रॅम गप्प राहते. उरलेल्या दोन गेटांची इनपुट ग्राउंडला. ४८ केबीच्या यंत्राला हा बोर्ड लावू नका, एकाच पत्त्यावर दोन मेमरी भांडतील.

स्पेक्ट्रममध्ये कड कॉम्प्युटरची असते, म्हणून बोर्डावर सॉकेट लागतं: २८ जागांचं, दुहेरी, २.५४ मिमी अंतराचं. पाचव्या जागी खाच आहे, तिथे सॉकेटमध्ये अडसर बसवल्याशिवाय ते वापरू नका. त्या खाचेच्या अलीकडे ५ व्होल्ट आणि ९ व्होल्ट अगदी शेजारी-शेजारी आहेत. सॉकेट एक जागा सरकलं की ९ व्होल्ट तुमच्या चिपांवर जातात. सगळं बसवून सुरू केल्यावर २३७३३मधला आकडा २५६ने गुणून त्यात २३७३२मधला मिळवा. आधी ३२७६७ यायचे, आता ६५५३५ यायला हवेत. मधलाच एखादा आकडा आला तर मेमरीची तपासणी त्या पत्त्याला अडली आहे, तिथपासून तारा वाजवायला घ्या.